तिसरी नळी देवाची

आक्काची बंदूक मी घालवली. चोरीला गेली नाही, गंजून मोडली नाही. मी तोंड उघडलं आणि ती गेली. आज ती पोलीस ठाण्याच्या मालखान्यात गळ्यात चिठ्ठी बांधून भिंतीला टेकून उभी आहे, आणि आक्का, माझी थोरली बहीण, यंदाच्या पोळ्यापर्यंत त्याबद्दल मला एका शब्दानंही बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं. मी तापट माणूस आहे, भांडणात मला बरोबर सुचतं. न भांडणाऱ्या माणसापुढं काय करायचं ते मला साठी उलटली तरी कळलेलं नाही.

मी कोण, ते आधी सांगतो. उभी हयात सरकारी बंदुकांच्या कारखान्यात काढली, परप्रांतात. काम एकच. तयार झालेली नळी उजेडापुढं धरायची, आत डोळा लावायचा आणि पास की नापास ते सांगायचं. मी पास केलेली नळी कधी परत आली नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की ते सुरू झालं की बायको उठून आत जाते. निवृत्तीनंतर मेहकरला घर बांधलं. माझी कीर्ती अशी पसरली की लोक जुन्या एअरगनपासून लग्नातल्या तलवारीपर्यंत काहीही घेऊन येतात. मी तपासून देतो, चहा पाजतो आणि तासभर बोलतो. बोलण्यासाठीच तपासतो, असं बायको म्हणते. तिचं खोटं नाही.

आक्का सुलतानपूरला राहते, एसटीनं अर्ध्या तासावर. दाजी, म्हणजे तिचे यजमान, गेले त्याला काही वर्षं झाली. लेक सासरी सुखात. आक्का एकटी शेती बघते. सोयाबीन, तूर, विहिरीवर थोडा भाजीपाला, दारात एक बैलजोडी आणि एक सालदार. आणि घरात ती बंदूक.

बंदूक दाजींच्या वडिलांची. खामगावला कापसाच्या प्रेसमध्ये एक गोरा साहेब होता, त्याच्याबरोबर ते रानात शिकारीला जायचे. साहेब देश सोडून जाताना बंदूक यांच्या हातात देऊन गेला. गावात तिचं नाव ‘इंग्रजी बंदूक’. वर शेजारीशेजारी दोन नळ्या आणि त्यांच्या पोटाखाली एक बारीक तिसरी. दोन नळ्यांत छर्ऱ्याचं काडतूस बसायचं. तिसरीत काहीच बसेना. मग दाजींच्या वडिलांनी आपल्या बुद्धीनं वाटणी करून टाकली. एक नळी डुकरांची, एक पोळ्याची आणि तिसरी देवाची. दर दसऱ्याला बंदुकीची पूजा झाली की देवाच्या नळीत आपट्याचं पान सारायचं, वर तूप आणि शेंदूर, आणि तोंड मेणानं लिंपून टाकायचं. बापानं केलं, दाजींनी केलं, दाजींमागं आक्कानं केलं. त्या नळीत माणसानं हात घालायचा नाही, असं घरात ठरलेलं होतं.

पोळ्याच्या नळीचंही सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडकलं आहे. सुलतानपुरात पोळ्याला वेशीजवळ तोरण बांधतात, सजवलेल्या जोड्या त्याखाली ओळीनं उभ्या राहतात, आणि छर्रे काढलेल्या काडतुसाचा एक बार हवेत सुटला की पोळा फुटतो, म्हणजे जोड्या सुटतात. तो बार दाजींच्या घरचा. कायद्यात बसत नाही म्हणे, पण ठाणेदार आले गेले, त्या दिवशी सगळे दुसरीकडं बघायचे. दाजी वारले त्या वर्षी पारावर कुजबुज झाली की आता बाई बार काढणार काय, तीही पांढऱ्या कपाळाची. आक्कानं कोणाला काही विचारलं नाही. नवं लुगडं नेसली, बंदूक खांद्यावर टाकली आणि तोरणाखाली जाऊन उभी राहिली. एक म्हातारा म्हणाला, “बंदूक ज्याची, बार त्याचा. सोड माय.” तिनं सोडला. त्या दिवसापासून गावात तिला कोणी ‘बाई, जराशी मांगं हो’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिच्या वयाच्या बाकीच्या विधवा सणाच्या दिवशी दाराआडून बघतात. आक्का तोरणाखाली उभी असायची. त्या बंदुकीनं तिला एवढं दिलं होतं, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणायला मला जागा नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी चार दिवस तिच्याकडं राहायला गेलो. रिकामा माणूस, करमेना. म्हटलं, आण तुझी बंदूक, तेलपाणी करून देतो. इतकी वर्षं ती मी भिंतीवर पाहिली होती, पण उघडून अशी कधी पाहिली नव्हती. दाजींना कोणी हात लावलेला चालत नसे. बंदूक मधून वाकवून नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, खालची काजळी रॉकेलच्या फडक्यानं पुसली आणि एकेक शिक्का वर यायला लागला. बारीकसे मुकुट, प्रत्येकाखाली एकेक अक्षर. कुठं यू, कुठं एस. पंख पसरलेला गरुड. गोल वर्तुळात सोळाचा आकडा.

“आक्का,” मी ओरडलो, “ही इंग्रजी नाहीच. जर्मन आहे, जर्मन!”

आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. “असंन,” ती म्हणाली. “डुकराले काय फरक पडते?”

तिसऱ्या नळीखाली मुकुट होता आणि त्याखाली जी. जी म्हणजे आतून आटे पाडलेली नळी, रायफलची. त्याच्या बाजूला एक आकडा, एकशे अठरा पॉइंट पस्तीस. दाजींच्या घरात तो साहेबाच्या बंगल्याचा नंबर समजत. मी मात्र त्या आकड्यावर दोन दिवस चक्रावून गेलो. मिलिमीटर म्हणावं तर तोफेची नळी झाली, आणि कारखान्याचा नंबर पॉइंटात नसतो. तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना डोक्यात उजेड पडला. बारा बोअर म्हणजे काय? नळीत चपखल बसणारी शिशाची गोळी घेतली तर एका पौंडात बारा भरतात, म्हणून बारा. त्याच हिशेबानं ज्या बारीक गोळ्या पौंडाला एकशे अठरा आणि वर थोड्या भरतील, त्या गोळीची ही नळी. जुने जर्मन, पहिल्या महायुद्धाच्या आधीचे, रायफलच्या नळीचंही माप असंच ठोकायचे. मी ओल्या अंगानं बाहेर आलो आणि भिंतीवर कोळशानं हिशेब मांडला. साडेआठ मिलिमीटरच्या किंचित वर. म्हणजे आट्यांची खोली धरून गोळी नऊ पॉइंट तीनची.

आता खात्री करायची तर नळीच्या मागच्या बाजूचा, काडतूस बसतं त्या घराचा साचा घ्यायला हवा, आणि नळी तर शेंदरानं बुजलेली.

“ते देवाची हाय बापू,” आक्का म्हणाली. बापू ती मला लहानपणापासून म्हणते. “तिले राहू दे.”

“अगं, देवाला काय करायची रायफल?”

“मले मालूम नाही. पण इतक्या सालाची बुजेल हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची असते.”

मी हसलो. हसलो, हे आता सगळ्यात जास्त सलतं. गरम पाणी, रॉकेल आणि लाकडी गज घेऊन अंगणात बसलो आणि पिढ्यांचा शेंदूर बाहेर काढला. काळी पडलेली आपट्याची पानं, तुपाचा दगड झालेला. आक्का ते सगळं पदरात गोळा करून तुळशीपाशी ठेवून आली. मी वळूनही बघितलं नाही. मी नळी सूर्याकडं धरून आत डोळा लावून बसलो होतो. काय सांगू, आतले आटे कालच पाडल्यासारखे लखलखत होते. तूप-मेणानं हवा लागू दिली नव्हती. कारखान्यात मी हजारो नळ्या पाहिल्या असतील, पण अशी नळी पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले, खरंच सांगतो.

मग गंधक वितळवून साचा घेतला. पुढं चिंधीचा बोळा दाबला, नळी उन्हात तापवली, पातळ गंधक ओतलं, निवल्यावर गजानं अलगद ढकललं. पिवळंधमक, बोटाएवढं, मागं काठ असलेलं काडतूसच जणू हातात आलं. वासानं घर भरलं, आक्का खोकत बाहेर गेली. व्हर्नियर लावून मोजलं. काडतुसाचं घर बहात्तर मिलिमीटर लांब, गोळी नऊ पॉइंट तीनची. मोबाईलवर जुन्या काडतुसांची चित्रं काढून ताडून पाहिलं, जुळलं. वर सोळा बोअरच्या दोन नळ्या, खाली ही रायफल. डुक्कर, ससा, हरीण, जे समोर येईल त्याला एकच हत्यार पुरावं म्हणून जर्मन शिकारी अशी तीन नळ्यांची बंदूक बाळगायचे. तो साहेब जर्मनच असणार. मला इतका आनंद झाला की भेटेल त्याला सांगावंसं वाटायला लागलं.

आणि तेच झालं.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आक्कानंही केली. निकाल लागले, परत द्यायची वेळ आली, तर ती म्हणाली, तू चाल सोबत. ठाण्यात जमादार ओळखीचा. त्यानं बंदूक काढून टेबलावर ठेवली, आक्कानं सहीही केली. तेवढ्यात ठाणेदार आले. नवीन माणूस, सभ्य. बंदूक पाहून म्हणाले, “अरे वा, ही तिसरी नळी कशाची हो?”

जमादार म्हणाला, “साहेब, ते देवाची हाय.” सगळे हसले. आक्का पण हसली. बंदूक तिच्या हातात होती, दार चार पावलांवर होतं.

मी म्हणालो, “देवाची कसली, साहेब. ही अस्सल जर्मन रायफल आहे.”

पुढं मी काय काय बोललो ते मलाच आठवत नाही इतकं बोललो. मुकुट दाखवले, गरुड दाखवला, एकशे अठरा पॉइंट पस्तीसचं कोडं घातलं आणि सोडवलंही. ठाणेदारांनी खुर्ची दिली, चहा मागवला. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, “पण काका, परवाना तर छर्ऱ्याच्या दुनळीचा आहे. मग ही रायफल कोणत्या परवान्यावर?”

जमादारानं खाली पाहिलं. मी तोंड मिटलं, पण बाण सुटला होता. ठाणेदारांचा काही दोष नव्हता. ऐकल्यावर त्यांना न ऐकल्यासारखं करता येईना. ते आक्काला म्हणाले, “आई, बुलढाण्याहून हुकूम येईपर्यंत मला ही ठेवून घ्यावी लागेल.” आक्कानं दोन्ही हातांनी बंदूक परत टेबलावर ठेवली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “काळजी करू नको, मी बघतो.” ती म्हणाली, “हाव,” आणि एसटीची वाट बघत उभी राहिली.

इथवर माझी बडबड होती. जिभेला हाड नाही, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, काय म्हणायचं ते म्हणा. एवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण पुढं बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीत सुनावणी लागली.

जाताना एसटीत आक्का खिडकीपाशी बसली होती. चिखली मागं पडली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “बापू, आज थोडं कमी बोलजो. तुले इचारलं तं म्हण, मले पक्कं मालूम नाही. लंबं नोको करू.”

“बरं,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

कचेरीतल्या मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी आक्काला बसायला सांगितलं, पाणी दिलं. आक्कानं पोळ्याचं काही काढलं नाही, डुकरांचं सांगितलं, रात्री पिकात उतरतात तेवढं. मॅडम मला म्हणाल्या, “तुम्ही या कामातले जाणकार आहात असं ठाणेदारांनी लिहिलंय. मला फक्त एवढं सांगा, या तिसऱ्या नळीतून आज गोळी सुटेल का? खात्री नसेल तर तसं सांगा. जुनी, बिनकामाची नळी म्हणून नोंद करू, शिसं ओतून बुजवून घ्या आणि बंदूक घेऊन जा. पण चालू रायफल असेल तर माझे हात बांधलेले आहेत.”

इतकं सोपं होतं. दार सताड उघडून दिलं होतं बाईंनी.

मला नळी दिसत होती. उन्हात लखलखणारी, निर्दोष. तिला मेलेली म्हणायचं? तिच्यात शिसं ओतायचं? उभ्या आयुष्यात मी चांगल्या नळीला नापास केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर समोर खुर्चीवर एक शिकलेली अधिकारी बाई मला जाणकार म्हणत होती. माझा हात खिशात गेला. रुमालात गुंडाळलेला गंधकाचा साचा मी सोबत आणला होता. कशाला आणला होता? कमी बोलायचं ठरवून घरातून निघालेला माणूस साचा खिशात घालून निघत नाही. मी तो टेबलावर ठेवला आणि म्हणालो, “सुटेल, मॅडम. कालची असल्यासारखी सुटेल.”

मॅडमनी साचा हातात घेऊन पाहिला, परत ठेवला आणि लिहायला लागल्या. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. लहानपणी मी हातातलं काचेचं भांडं फोडलं की आईच्या आधी तीच यायची आणि काच लागली का बघायची, तसं बघितलं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

रायफलचा परवाना तिला मिळणार नाही आणि बंदूक आता परत येणार नाही. परतीच्या एसटीत मी एकटाच बोलत होतो. म्हटलं, आक्का, सरकारी अधिकाऱ्यापुढं खोटं कसं बोलायचं? मी जन्मभर खरंच सांगत आलो. ती म्हणाली, “हाव, खरं हाय.” घरी आल्यावर बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, “बहिणीपेक्षा नळी मोठी झाली तुम्हाला.” मी तिच्यावर खेकसलो. दोन दिवस जेवलो नाही. पण आतून एक आधार धरून होतो, की चूक असो, वाईट असो, मी खरं बोललो. तेवढ्यावर मी दिवस काढले.

पोळ्याला दरवर्षी मी आक्काकडं जेवायला असतो. यंदा जाऊ नये असं वाटत होतं, पण तिचाच फोन आला, “येतं ना?” गेलो. तिनं बैल धुतले होते, शिंगं रंगवली होती, झुली घातल्या होत्या. सालदार जोडी घेऊन वेशीकडं गेला. मी म्हणालो, “तू नाही जात?”

“कायले?” ती म्हणाली. “यंदा ग्रामपंचायत सुतळी बॉम्ब लावून राह्यली.”

ती दारात उभी राहिली, चौकटीच्या आत. शेजारची एक बाई ओवाळणीचं ताट घेऊन लगबगीनं चालली होती. वाटेत आक्का दिसली तशी ती जरा बाजूनं गेली. मी पाहिलं. आक्कानंही पाहिलं, पदर सारखा केला आणि एक पाऊल आत सरकली. वेशीकडून मोठा आवाज आला, मग पोरांचा ओरडा. पोळा फुटला होता.

आम्ही आत आलो. तिनं पाट मांडला, ताट वाढलं, पुरणपोळीवर तूप सोडलं. मी पहिला घास घेतला आणि तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, जशी काही पोळी कशी झाली विचारते आहे.

“बापू, एक सांग. ते तिसरी नळी तू उडवून पाह्यली होती का?”

“नाही. तिचं काडतूस कुठं मिळतं आता?”

“मंग घोडा तरी दाबून पाह्यला होता? तिच्यातली ठोकर चालते का नाही, ते?”

नाही पाहिला. कारखान्यात माझ्याकडं फक्त नळी यायची. घोडा, खटका, पिन तपासायला दुसरी माणसं होती. शेंदूर काढल्यावर मी त्या नळीत सत्तर वेळा डोळा लावला असेल, पण तिच्यावर घाव घालणारी पिन शाबूत आहे की झिजून गेली आहे, हे बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

“म्हंजे सुटते का नाही, ते तुले मालूम नव्हतं.”

“नव्हतं.”

आक्कानं तुपाची वाटी पुढं ओढली. मग तिनं माझ्या ताटात दुसरी पोळी वाढली.

“मी तेच तं म्हणाले सांगतलं होतं बापू,” ती म्हणाली. “पक्कं मालूम नाही. मी तुले खोटं बोलाले नव्हतं सांगतलं.”